फवारणीचे विष आणि झाडपाल्याचा काढा

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. अशा विषावर घरचा काढा उतारा ठरला, तर तो कोणाला नको आहे? म्हणूनच भुईआवळा, पुनर्नवा किंवा हळदीचा अर्क कीटकनाशकांपासून यकृत आणि मूत्रपिंडे वाचवतो, असे वाचले की चटकन विश्वास बसतो.

त्यामागे संशोधन आहे, हे खरे. कीटकनाशकामुळे यकृताच्या पेशींना इजा झाली की त्यांतली एन्झाइम रक्तात उतरतात. मूत्रपिंडे मंदावली की क्रिएटिनिन वाढते. उंदरांवरील अनेक प्रयोगांत वनस्पतींच्या अर्कांनी हे आकडे खाली आले आहेत. मात्र अशा प्रयोगांत अर्क बहुधा विषाच्या आधीपासून किंवा सोबतच दिला जातो, तोही उंदराच्या वजनाप्रमाणे मोजून. शेतातला माणूस दवाखान्यात पोहोचतो तो विष अंगात भिनल्यावर.

शिवाय ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांचा पहिला घाला मज्जासंस्थेवर होतो. लाळ आणि घाम सुटतो, छातीत स्राव साठतो, श्वास अडकतो. तिथे ॲट्रोपिनचे इंजेक्शन आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास लागतो. काढा उकळण्यात गेलेला अर्धा तास जिवावर बेतू शकतो.

‘झाडपाल्याने अपाय काय होणार?’ हा समजही तपासून घ्यायला हवा. करोनाकाळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तो वाद काहीही असो, आधीच दुखावलेल्या यकृतावर डॉक्टरांना न विचारता प्रयोग करणे शहाणपणाचे नाही.

या वनस्पतींचा अभ्यास व्हायलाच हवा. माणसांवर रीतसर चाचण्याही व्हाव्यात. तोवर हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे मजुराला मालकाने द्यावेत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, काम संपताच साबणाने अंघोळ करावी. चक्कर, मळमळ किंवा अंधूक दिसणे जाणवल्यास कीटकनाशकाचा डबा सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे. आणि फवारणीच्या हंगामात प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ॲट्रोपिनचा पुरेसा साठा असेल, हे सरकारने पाहावे.