ब्रेक चाक थांबवतो, गाडी टायर थांबवतो

आमच्या सोसायटीतल्या एका तरुणाने हौसेने जुनी टू-सीटर स्पोर्ट्स कार घेतली आहे. पावसात ब्रेक लागायला उशीर होतो, म्हणून आता तो शर्यतीच्या गाड्यांचे ब्रेक पॅड बसवणार म्हणतो. हौसेला मोल नसतं हे मान्य. पण माझं मत विचाराल तर ही आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशातली गत आहे.

शर्यतीचे पॅड तापल्यावरच नीट पकडतात. तिथे दर वळणाला कचकचून ब्रेक दाबले जातात, पॅड काहीशे अंशांपर्यंत तापतात. आपल्या रस्त्यावर, त्यातून पावसात, चाकावर सतत पाणी उडत असताना ते तापणार कधी? थंड असताना ते साध्या पॅडपेक्षाही कमी पकडतात, वर डिस्क खातात आणि किंचाळतात ते वेगळंच. रोजच्या वापराला रस्त्यासाठीच बनवलेले, थंडपणीही पकडणारे पॅड हवेत.

मग उशीर का होतो? पावसात बराच वेळ ब्रेक न दाबता गेलं, की डिस्कवर पाण्याचा पातळ थर बसतो. पॅडला आधी तो पुसावा लागतो. याला फुकटचा उपाय आहे. मागे कोणी चिकटलेलं नाही ना, हे आरशात बघून अधूनमधून पेडलवर हलका पाय ठेवायचा. काही महागड्या गाड्या पावसात हे काम आपोआप करतात.

पण खरी मेख पुढेच आहे. पॅड कितीही भारी असले तरी ते फक्त चाक थांबवतात. गाडी थांबते ती टायर रस्त्याला धरतो म्हणून. कायद्याने टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, पण पावसाळ्यात ३ च्या खाली गेलेला टायर मी तरी बदलायलाच सांगेन. स्पोर्ट्स कारचे टायर रुंद आणि गाडी हलकी, त्यामुळे साचलेल्या पाण्यावर ती लवकर तरंगते. एकदा तरंगली की ब्रेक काय करणार?

थोडं गणितही करून बघा. घर्षणांक कोरड्या डांबरावर ०.८ आणि ओल्यावर ०.४ धरला, तर ताशी १०० च्या वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून कोरड्यात सुमारे ५० मीटरवर थांबेल, ओल्यात १०० मीटरवर. त्याच ओल्या रस्त्यावर वेग ६० असेल तर ३५ मीटर पुरतात. एवढा फरक कुठलाही पॅड पाडू शकत नाही. २०१९ पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, चांगलंच झालं. त्याने चाक लॉक होत नाही आणि गाडी वळवता येते. पण रस्त्यावर नसलेली पकड तेही कुठून आणणार?

पावसात पुलाखाली आडोशाला थांबलेला दुचाकीवाला, छत्री आडवी धरून रस्ता ओलांडणारी शाळकरी पोरं... तुमचे पॅड यांनी निवडलेले नसतात, पण परिणाम त्यांनाही भोगावे लागतात. म्हणून पैसे आधी टायरवर खर्च करा, मग पॅडवर. आणि वेगाला आवर घालायला तर काहीच पडत नाही.

बघा पटतंय का!