आंधळ्या उंदराची बाहुली

हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या क्लाइड कीलरला उंदराच्या डोळ्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघताना एक थर सापडेना. दृष्टिपटलात अंधुक उजेड टिपणाऱ्या दंडपेशी असतात, त्याच गायब होत्या. आपण काप नीट घेतला नसेल असं म्हणून एखाद्याने ती काच बाजूला सारली असती. कीलरने त्या उंदरांची पैदास केली, दोष पिढीजात चालतो हे दाखवलं आणि १९२४ साली ते छापलं. १९२७ मध्ये आणखी एक विचित्र गोष्ट त्याने नोंदवली. या आंधळ्या उंदरांच्या डोळ्यांवर उजेड पडला की बाहुली आकसते. दिसत नाही त्या डोळ्याला उजेड कळतो कसा? पुढची साठेक वर्षं हा प्रश्न जवळपास पडूनच राहिला.

दंडपेशी मुळात घडतच नाहीत, असा कीलरचा समज होता. तो चुकीचा ठरला. त्या घडू लागतात आणि मरतात. दोष आहे ‘पीडीई६बी’ नावाच्या जनुकात. या जनुकापासून बनणारं विकर पेशीतल्या एका संदेशवाहक रसायनाचा निचरा करतं. विकर नसलं की मोरी तुंबावी तसं ते रसायन साठतं, पेशीची दारं उघडीच राहतात, कॅल्शियम आत शिरत राहतं आणि पेशी मरते. उंदराचं पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की डोळे उघडतं. तोवर आत पडझड सुरू झालेली असते. तीनेक आठवड्यांत बहुतेक दंडपेशी संपतात. मग दिवसाच्या उजेडाच्या शंकूपेशीही हळूहळू जातात, त्यांचा या जनुकाशी काही संबंध नसताना. शेजारी गेले की त्यांचाही जीव टिकत नाही.

माणसात हेच जनुक बिघडलं की काही कुटुंबांत रेटिनायटिस पिग्मेंटोसा होतो. दिवेलागणीला पोरगं उंबऱ्याला अडखळू लागतं. घरचे गाजर नि पालेभाज्या खायला घालतात. जीवनसत्त्वाच्या अभावाचा रातांधळेपणा त्याने सुधारेलही, हा नाही सुधारत. मग बाजूचं दिसेनासं होतं, नळीतून बघितल्यासारखं समोरचं तेवढं उरतं. आईबापांची नजर चांगली असते, कारण दोघांकडे बिघडलेली एकेकच प्रत असते. मुलाच्या वाट्याला दोन्ही येतात. नात्यातच लग्न झालं की हा योग जुळण्याची शक्यता वाढते. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे अजून पुरती सुटलेली नाही. डॉक्टरांनी विचारलं की मात्र बरेच जण ‘नात्यातलं नाही, ओळखीतलं’ असं सांगून मोकळे होतात.

कीलरचे उंदीर पुढे नामशेष झाले. पण त्याच्या काचा उरल्या होत्या. त्या सत्तर वर्षांच्या कापांतून डीएनए काढून १९९३ मध्ये सिद्ध झालं, की आज प्रयोगशाळांमध्ये असलेल्या आंधळ्या उंदरांतला दोष तोच आहे. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत खुद्द कीलर होता, वय नव्वदीच्या पुढे! असं भाग्य किती संशोधकांना लाभतं? आणि हा दोष ‘सी३एच’ किंवा ‘एफव्हीबी’ अशा नेहमीच्या वापरातल्या वाणांतही आहे. खुणा बघून वाट शोधण्याच्या परीक्षेला यांतला उंदीर बसवला, तर तो ढ ठरणारच.

न दिसणाऱ्या डोळ्याला उजेड कळतो कसा, हे कोडं संशोधक रसेल फॉस्टर यांनी पुन्हा हाती घेतलं. दंडपेशी गेलेल्या या उंदरांचं शरीरातलं घड्याळ उजेडाने नीट लावता येतं, हे त्यांच्या गटाने १९९१ मध्ये दाखवलं. सहजासहजी कुणाला ते पटलं नाही. १९९९ मध्ये दंडपेशी आणि शंकूपेशी दोन्ही नसलेल्या उंदरांतही तेच दिसलं. २००२ पर्यंत डोळ्यातल्या हा उजेड टिपणाऱ्या जागाही सापडल्या. दृष्टिपटलाच्या आतल्या थरातल्या मूठभर चेतापेशी मेलॅनोप्सिन नावाच्या द्रव्याने स्वतःच उजेड टिपतात. चित्र दाखवत नाहीत, दिवस उजाडला एवढंच मेंदूला कळवतात.

माणसाबाबतचा पुरावा त्याआधीच, १९९५ मध्ये आला होता. अकरा अंध व्यक्तींपैकी तिघांत प्रखर उजेडाने मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक दबलं. त्या तिघांना उजेड जाणवतही नव्हता. त्यांतल्या दोघांचे डोळे झाकून पाहिलं, तेव्हा मात्र परिणाम दिसला नाही.

आपल्या घरांत नजर गेलेल्या म्हाताऱ्याची खाट बहुतेक वेळा आतल्या अंधाऱ्या खोलीत जाते. खिडकीजवळची जागा दिसणाऱ्यांना लागते ना! मग तो रात्री जागतो, दिवसा पेंगतो आणि सगळे म्हणतात, वय झालं.