काठ कुणाचा?

पुण्यात मुळा-मुठेचा ४४ किलोमीटरचा काठ महापालिका सजवते आहे. धावायला वाट, सायकलवाट, बसायला बाकं. धावण्याला आमचा विरोध नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी आमची पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर ट्रकच्या कडेनं धावतात, त्यांनाही अशी वाट हवीच आहे.

पण काठ सजवून पाणी धुतलं जात नाही. पुण्याचं मैलापाणी भीमेत येतं आणि दौंड-श्रीगोंद्याच्या मधून उजनीकडे जातं. तिथला धावणारा नाकाला रुमाल लावून पुढं निघून जाईल. श्रीगोंद्याच्या नदीकाठची बाई कुठं जाणार?

अहमदाबादेत साबरमतीचा काठ सजला तेव्हा हजारो झोपड्या उठल्या. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, कारण सार्वजनिक पाणवठा सगळ्यांचा असतो. आज ‘शिवू नका’ असं कुणी म्हणत नाही. गणवेशातला रखवालदार फक्त विचारतो, ‘इथं काय काम?’ (तो रखवालदारही बहुधा आपलाच असतो.)

उद्या नगरात सीनाकाठ सजवायचा विषय निघेल. तेव्हा वाट किती लांब, हे नंतर विचारा. आधी विचारा: काठच्या वस्त्यांची यादी कुणी केली, आणि तीत भाडेकरू धरलेत का?