आधी गेज लावा

रायपूरचा मे महिना. जुन्या स्टॅलियनचा ऑइल प्रेशरचा काटा आयडलिंगला खाली बसतो, आणि कुणीतरी लगेच जाड ऑइल सुचवतं. मला हे मुळीच पटत नाही. काटा चढतो, झीज तशीच राहते. मग जगदलपूरच्या वाटेवर केशकाल घाटात बेअरिंग जातं आणि मागचा अख्खा कॉन्व्हॉय अडकतो.

आधी डिपस्टिक ओढा. पातळी वाढलीय, डिझेलचा वास येतोय? मग ऑइलमध्ये डिझेल उतरतंय. नसेल तर सेंडिंग युनिट काढून तिथे मेकॅनिकल गेज लावा, इंजिन पुरतं तापवून. गेजवर प्रेशर नीट असेल तर युनिट किंवा वायर बघा, इंजिन उघडू नका. फक्त आयडलिंगला कमी, रेस दिल्यावर चढतं? बहुधा बेअरिंगची झीज. रेस देऊनही चढत नाही, तर संप उतरवून जाळी, रिलीफ व्हॉल्व्ह, पंप. मंडळी, गेज एमटीच्या पेटीत असतोच. बहुतेकदा धूळ खात.