लुंगीला खिसे लावा

भोपाळच्या नेहरू नगरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तरी दारावरचा पहारेकरी, सामान पोहोचवणारा आणि दुकानातला माणूस दिवसभर टेरिकॉटच्या पँटीत उकडत असतो. घरी आला की पहिल्यांदा लुंगी नेसतो. जो कपडा घरात अंगाला मानवतो, तो कामावर का चालू नये? लुंगी सुटते, तिला खिसा नसतो, म्हणून ती कामाची नाही, हे उत्तर अपुरे आहे. या दोन्ही उणिवा शिंपी दूर करू शकतो. कमरपट्टा, बक्कल आणि खिसे लावलेली गुडघ्यापर्यंतची शिवलेली लुंगी म्हणजेच आजचा कामाचा किल्ट.

ही कल्पना नवी नाही. फिजीमध्ये पुरुष सुलू, म्हणजे खिसे असलेला, लुंगीसारखा शिवलेला कपडा घालून कार्यालयात जातात, तिथल्या पोलिसांच्या गणवेशातही तो आहे. स्टॉकहोमजवळच्या एका रेल्वेमार्गावर हाफ पँटला मनाई होती, म्हणून 2013 च्या उन्हाळ्यात चालकांनी सरळ स्कर्ट घातले. आपल्याकडे 2014 मध्ये चेन्नईतल्या एका क्लबने वेष्टी, म्हणजे तमिळ पद्धतीचे धोतर, नेसलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना आत घेतले नाही. त्याच वर्षी तामिळनाडूने असा मज्जाव रोखणारा कायदा केला. म्हणजे अडचण कपड्याची कमी आणि नियम करणाऱ्यांच्या नजरेची जास्त आहे.

टिकाऊपणाच्या बाबतीतही किल्ट उजवा ठरतो. पँट बहुधा आधी आसनात किंवा गुडघ्यावर फाटते, किल्टला या दोन्ही जागा नाहीतच. मात्र स्कॉटलंडच्या पारंपरिक किल्टची नक्कल करू नये. त्याला सुमारे सात मीटर लोकरी कापड लागते, ते इथे महागही आणि जाचकही. त्याऐवजी सुती ड्रिल घ्यावे, शिवण्याआधी भिजवून आटवावे आणि चुण्या फक्त मागे, मोजक्याच ठेवाव्यात. चालताना पाय मोकळे पडतात आणि बसताना कापड ताणत नाही, ते याच चुण्यांमुळे. खिशाच्या टोकांना आणि पट्ट्याच्या लूपना दुहेरी शिलाई हवी, कारण ओझे तिथेच पडते. रंग मळखाऊ असावा. ब्रँडच्या किल्टपेक्षा गल्लीतल्या शिंप्याकडून शिवलेला स्वस्त पडेल, शिवाय तो मापाचा होईल आणि उसवला तर तिथेच दुरुस्तही होईल.

काही आक्षेप खरे आहेत. फिरत्या यंत्रापाशी, वेल्डिंगच्या ठिणग्यांत किंवा शिडीवर हा कपडा नको, तिथे पँटच हवी. दुचाकीवर आत हाफ पँट घालावी, पण जिथे दिवसभर स्कूटर चालवायची आहे तिथे पँटच सोयीची. ‘हा बायकी वेश आहे’ या आक्षेपात मात्र दम नाही. धोतर, लुंगी आणि पंचा आपल्या आजोबा-पणजोबांनी शेतात, बाजारात आणि देवळात वापरला, तेव्हा त्यांच्या पुरुषत्वावर कुणी शंका घेतली नव्हती. शिस्तीचा प्रश्न असेल तर सर्वांना एकच रंग आणि एकच लांबी ठरवून द्यावी. गणवेश त्यानेच होतो, पँटच्या दोन नळ्यांनी नाही. नेहरू नगरातल्या दुकानदारांनी आणि सोसायट्यांनी येत्या उन्हाळ्यात सक्ती न करता निदान परवानगी देऊन पाहावी. कापड निवडायला आणि शिंपी गाठायला हिवाळा मोकळाच आहे.