आंधळी वाळवी आणि डोळस आपण

गणपतीची सुट्टी संपवून परत आलो, कॉटखालची ट्रंक ओढली तर हलकी लागली. आत आजीने दिलेल्या मराठी पुस्तकांचा भुगा! मी कॉन्व्हेंटवाला, जोडाक्षरांना अजूनही अडखळतो, म्हणून तिने मुद्दाम दिली होती. मी त्यातलं एकच वाचलं होतं. (आजीला अजून सांगितलेलं नाही. हा अंक घरी जाणार नाही याची काळजी घेतोय.)

रूममेट म्हणाला, "पांढऱ्या मुंग्या रे!" साफ चूक. वाळवी झुरळाच्या कुळातली. मुंगी तर तिची सर्वात मोठी वैरीण. गंमत म्हणजे बहुतेक जातींत कामकरी वाळवी आंधळी असते. मग अंधाऱ्या बोगद्यात समोर आपली बहीण आहे की मुंगी, हे तिला कळतं कसं? मुख्यतः वासावरून. कीटकांच्या अंगावर हायड्रोकार्बनचा मेणासारखा पातळ थर असतो. मुंगीचा वेगळा, वाळवीचा वेगळा, वाळवीतसुद्धा घराण्यागणिक मिश्रण बदलतं. मिशा टेकवल्या की ओळख परेड पूर्ण. परका वास आला की सैनिक डोकं आपटून इशारा देतात, तेच डोकं भोकात बुचासारखं अडकवतात आणि मागून कामकरी माती-लाळ लिंपून रस्ताच बंद करतात. नॅसुटिटर्मिसचे सैनिक तर नाकाडातून चिकट रसायन मारतात. ऑस्ट्रेलियातल्या 2017 च्या एका संशोधनात वाळवी मुंग्यांच्या पावलांची कंपनं ऐकून दूर राहते असंही दिसलं. आपल्या सेन्सरच्या प्रोजेक्टला हे जमलं असतं तर!

हेच नाक फसतंही. काही बॉलपेनच्या शाईतला फिनॉक्सीइथेनॉल वाळवीला तिच्या वाटेच्या गंधासारखा वाटतो. कागदावर रेघ ओढा, ती त्यावरून मुकाट चालते.

आता माझं म्हणणं. आमच्या कपाटामागे जूनपासून मातीची बारीक रेघ होती. दोघांनीही पाहिली. मी त्यावर पोस्टर लावलं, शेजारच्या खोलीत तर रंगवाल्यांनी तिच्यावरूनच चुना मारला. चार-चार डोळे असून आम्ही ढिम्म!

रेक्टर सर, दिवाळीत रंग काढणार आहात, तर आधी भिंती खरवडून, चौकटी ठोकून बघायला सांगा. आणि मुंगी दिसली की फवारा, हेही थांबवा. मेसमध्ये ठीक आहे, काकांचा साखरेचा डबा वाचायलाच हवा. पण मागच्या आंब्याखालच्या मुंग्यांनी कोणाचं काय बिघडवलंय? वाळवीवर फुकट पहारा देतायत बिचाऱ्या.

दोन पुस्तकं वाचली आहेत, म्हणजे वाळवीपासून. आता टेबलावर ठेवलीयत. एक सुरू केलंय, पान 14.