दयेचा खर्च कोणाच्या खात्यावर?

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला आणि पंजाबलाही ठाऊक आहे. पोळी पळवून नेणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची कथा येथे लहान मुलालाही सांगता येते. त्याच नरसीच्या शिवारात, कयाधूच्या काठाने आणि माळावरच्या हलक्या जमिनीत, हरभऱ्याला घाटे धरू लागले की शेतकरी अंथरूण-पांघरूण घेऊन जागलीला जातो. बांधाभोवती जुन्या साड्या गुंडाळायच्या, डबे बडवायचे, फटाके फोडायचे, आणि ऐपत असेल तर 'झटका मशीन' बसवायचे. एवढे करूनही पहाटे डोळा लागला की रानडुकरांचा कळप चार महिन्यांची मेहनत तासाभरात उकरून जातो. भूतदया म्हणजे काय, हे या माणसाला दिल्लीहून कोणी शिकवावे अशी परिस्थिती नाही. तरीही प्राण्यांच्या हक्कांविषयी जी चर्चा चालते तीत तो येतो तो बहुधा आरोपी म्हणूनच.

शिकारीवरील बंदी मुळात कोणाविरुद्ध होती, हे आधी आठवावे लागेल. हा मुलूख निजामाच्या राज्यातला. हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. शिकार हा त्या काळी नवाब, जहागीरदार आणि गोऱ्या अधिकाऱ्यांचा विलास होता. स्वातंत्र्यानंतर बंदुका आणि जीपगाड्या नव्या धनिकांच्या हाती आल्या आणि माळावरची काळविटे झपाट्याने कमी झाली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा या उधळपट्टीला आळा घालण्यासाठी आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना घेऊन शौकाखातर शिकार करण्याची उरलीसुरली वाटही बंद केली. या दोन्ही गोष्टी योग्यच झाल्या. मौजेसाठी जीव घेण्याचा हक्क श्रीमंतांना परत द्यावा, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे मुळीच नाही.

परंतु कायद्याने नवाबाला आणि फासेपारध्याला एकाच ओळीत बसविले. ज्या जमातीला ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरविले आणि जी ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या कलंकातून कागदोपत्री मुक्त झाली, तिच्या हातातील फासे आणि वाघुरा वीस वर्षांनी पुन्हा गुन्ह्याची साधने ठरल्या. नवाबाकडे जमीन होती, वाडे होते. त्याने बंदूक भिंतीवर टांगली आणि त्याचे काही बिघडले नाही. पारध्याकडे तितर-लावे पकडण्याच्या विद्येखेरीज काही नव्हते. ती विद्या बेकायदा ठरविताना पर्यायी उपजीविकेची तजवीज करावी, असे कोणाला सुचले नाही. अकोला-वाशीम भागात फासेपारध्यांच्याच ज्ञानाचा उपयोग करून गवताळ माळ आणि तणमोर राखण्याचे प्रयत्न पुढे झाले खरे. पण ते काही कार्यकर्त्यांच्या चिकाटीने झाले.

आता दबावगटांचे पाहू. २०१५-१६ मध्ये केंद्राने कायद्याच्या बासष्टाव्या कलमाखाली बिहारात रोही व रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचलात माकड हे प्राणी ठराविक काळापुरते उपद्रवी घोषित केले. बिहारातील मोकामा भागात दोनशेहून अधिक रोही मारले गेले आणि देशभर गदारोळ उठला. तेव्हा केंद्रात मंत्री असलेल्या मनेका गांधी यांनी आपल्याच सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाला प्राणी मारण्याची हाव सुटली आहे, अशा आशयाची टीका केली. प्राणिप्रेमी संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या. जून २०१६ मध्ये न्यायालयाने स्थगिती नाकारली. पुढे यवतमाळ जिल्ह्यात तेरा माणसांच्या मृत्यूला कारण मानली गेलेली अवनी वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घालून मारण्यात आली, तेव्हाही हेच दृश्य दिसले. मेणबत्त्या तिच्यासाठी लागल्या. मेलेली तेरा माणसे बहुतांशी गुरे राखणारी, शेतात राबणारी होती. त्यांची नावे किती वाचकांना आठवतात?

या मंडळींचे सर्वच म्हणणे टाकाऊ आहे असे नाही. मारण्यापूर्वी प्राण्यांची मोजदाद करा, भाडोत्री शिकाऱ्यांना मोकळे रान देऊ नका, अधिवास कोणी नष्ट केला ते विचारा, हे त्यांचे मुद्दे रास्त आहेत. लांडगा गेला, गायरानांवर अतिक्रमणे झाली, धरणांचे पाणी आले तिथे उसाचे दाट फड उभे राहिले आणि डुकरांना बारमाही आसरा मिळाला. हा असमतोल माणसानेच निर्माण केला. फक्त तो निर्माण करणारा माणूस आणि त्याची किंमत मोजणारा माणूस एक नव्हे.

दबावाचा परिणाम कायद्याच्या कलमांपेक्षा अंमलबजावणीवर अधिक होतो. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये पिकांची नासाडी करणाऱ्या रोही व रानडुकरांची पारध परवानगीने करण्याची वाट कागदावर मोकळी केली. पण अर्ज वनाधिकाऱ्याकडे करायचा, आणि सही करणाऱ्या अधिकाऱ्याला उद्याची वर्तमानपत्रे, परवाची न्यायालयीन याचिका आणि तेरवाची बदली दिसू लागते. परवानगी मिळालीच, तरी कोरडवाहू शेतकऱ्याकडे बंदूक कुठली? काळविटाची गोष्ट आणखी निराळी. ते पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे पीक खाल्ले हे कारण त्याच्या बाबतीत कायद्याला मान्यच नाही. आणि मेलेला वन्यप्राणी एकोणचाळिसाव्या कलमानुसार सरकारची मालमत्ता! तूर खाताना तो कोणाचाच नसतो, मेल्यावर मात्र त्याला मालक मिळतो.

कायदेशीर दार असे बंद राहिले की माणसे खिडकी फोडतात. कुंपणात चोरून वीजप्रवाह सोडला जातो, विष घातले जाते, आमिषात गावठी बॉम्ब ठेवले जातात. यात प्राणी तडफडून मरतात, आणि कधी रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारीही मरतो. क्रौर्य कमी व्हावे म्हणून धरलेल्या आग्रहातून अधिक क्रौर्य निपजते, याची दखल प्राणिमित्रांनी कधी घेतलेली माझ्या वाचनात नाही.

मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. एकाच्या कृतीचा खर्च बाजाराबाहेर दुसऱ्यावर पडतो, त्याला आम्ही वर्गात 'बाह्य परिणाम' म्हणत असू. वन्यजीव हे साऱ्या राष्ट्राचे धन आहे हे मान्य; मग त्याचा सांभाळखर्चही साऱ्या राष्ट्राने उचलला पाहिजे. प्रत्यक्षात तो दोन-तीन एकरांच्या धन्याकडून धान्यरूपाने आणि झोपेच्या रूपाने वसूल होतो. हा एक न लिहिलेला कर आहे, आणि तो गरिबावर अधिक बसतो; कारण तारेचे कुंपण मोठ्या बागायतदाराला परवडते आणि कळप मग कुंपण नसलेल्या शेतात वळतो. पंचनाम्यासाठी हेलपाटे घालून मिळणारी भरपाई अनेकदा हेलपाट्यांनाच पुरते. पीक विम्यातून वन्यप्राण्यांच्या नुकसानीचे संरक्षण खरीप २०२६ पासून देण्याची घोषणा केंद्राने २०२५ मध्ये केली. आधीच्या हंगामांचा हिशेब कोणी विचारला नाही.

ब्रिटनमध्ये मजूर पक्षाच्या सरकारने २००४ मध्ये शिकारी कुत्र्यांकरवी होणाऱ्या कोल्ह्याच्या शिकारीवर कायद्याने बंदी आणली, तेव्हा जगभरच्या समाजवाद्यांना आनंद झाला. पण तेथे बंदीचा घाव जमीनदारांच्या करमणुकीवर पडला. पिकाला उपद्रव देणारी हरणे मारण्याची सोय तेथे कायम राहिली. आपल्याकडील शहरी प्राणिमित्राने तिकडची भावना घेतली, तिकडचा वर्गविचार घेतला नाही.

उपाय अशक्य कोटीतले नाहीत. माधव गाडगीळ यांच्यासारख्या परिसरशास्त्रज्ञाने स्कँडिनेव्हियाचे उदाहरण देऊन, संख्या पाहून नियंत्रित शिकारीस परवानगी द्यावी आणि निर्णय स्थानिक लोकांकडे सोपवावा, असे वारंवार मांडले. केरळने मे २०२२ मध्ये पिके उद्ध्वस्त करणारी रानडुकरे मारण्याचा आदेश देण्याचे अधिकार पंचायतींच्या व नगरपालिकांच्या प्रमुखांकडे दिले. त्यासाठी संसदेने कायदा बदलण्याची वाट पाहिली नाही. महाराष्ट्राने तोच अधिकार ग्रामसभेच्या संमतीची अट घालून सरपंचाला द्यावा. दरवर्षी गणना व्हावी, किती प्राणी मारले त्याचा फलक चावडीवर लागावा, आणि हे काम बाहेरच्या हौशी नेमबाजांना न देता प्रशिक्षण व वेतन देऊन पारधी तरुणांकडे सोपवावे. माळ आणि जनावर त्यांच्याइतके कोणाला कळते?

मराठवाड्यातून विधानसभेवर शेहेचाळीस आमदार जातात, त्यांपैकी तीन हिंगोली जिल्ह्यातले. नरसीच्या यात्रेला त्यांची हजेरी असतेच. त्यांनी एकदा हरभऱ्याच्या दिवसांत रात्री शिवारात यावे आणि येत्या अधिवेशनात एवढा एक ठराव मांडावा.